मालक नसलेल्या संस्थेत मुकादम कोण नेमतं?

पाटोदा : दसरा-दिवाळी आली की आपल्या तालुक्यात उसतोडीच्या गाड्या भरायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा दहा-वीस कोयत्यांची टोळी आणि टोळीच्या पुढे मुकादम. कारखान्याची उचल मुकादमाच्या हातात येते आणि तो ती टोळीत वाटतो. टोळी कामावर पोहोचलीच नाही तर उचल बुडते. म्हणून उचल देणारा आधी चौकशी करतो. या मुकादमानं मागचे हंगाम कसे काढले? कोयते किती? याच्यासाठी शब्द कोण टाकतंय? पैसे बुडाले तर भरून कोण देणार?

ही चौकशी आपल्याकडे अडाणी माणूसही करतो. पण तोच माणूस मोबाईलवर आलेल्या क्रिप्टोच्या स्कीममध्ये पैसे टाकताना यातला एकही प्रश्न विचारत नाही. कारण त्याला सांगितलेलं असतं, "इथं मालकच नाही, अध्यक्ष नाही, सगळं कॉम्प्युटर करतं, मग पैसे खाणार कोण?"

गेल्या काही दिवसांत हा प्रश्न आमच्याकडे वेगवेगळ्या वाचकांकडून आला. काही पोरांनी तर "डीएओ म्हणजे काय हो?" असं थेट विचारलं. म्हणून आज आम्ही हा विषय सोपा करून सांगायचा प्रयत्न करतोय. दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, असा सल्ला आम्ही देत नाही. आणि ते जायज की नाजायज, हा मसला उलेमांना विचारावा. इथं आपण फक्त कारभार समजून घेऊ.

संस्था आहे, ऑफिस नाही

डीएओ म्हणजे विकेंद्रित स्वायत्त संस्था. आपली पतसंस्था किंवा दूध संघ कायद्याखाली नोंदलेला असतो, त्याला संचालक मंडळ असतं, दारावर पाटी असते. डीएओचे नियम बहुतांश कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये लिहिलेले असतात आणि तिजोरीही त्या प्रोग्रामच्याच ताब्यात असते. मत देण्यासाठी संस्थेचं टोकन लागतं. ठराव मांडला जातो, टोकनवाले मत देतात आणि ठराव पास झाला की प्रोग्राम तो अमलात आणतो. क्लार्कनं फाईल दाबून ठेवायची सोय नाही. ही या पद्धतीची खरी जमेची बाजू आहे, ती मान्य केली पाहिजे.

पण प्रोग्राम हवेत चालत नाही. तो कुठल्या तरी सर्व्हरवर चालतो. त्या सर्व्हरला वीज लागते, इंटरनेट लागतं आणि रात्री दोन वाजता काही बिघडलं तर उठून बघणारा माणूस लागतो. हे काम करणाऱ्या कंपन्यांना नोड ऑपरेटर किंवा व्हॅलिडेटर म्हणतात. व्यवहार खरा आहे की खोटा ते तपासायचं, त्यावर सही करायची आणि मोबदला घ्यायचा, हे त्यांचं काम. आपल्या भाषेत हेच मुकादम. मालक नसलेल्या संस्थेतही मुकादम असतोच. मग त्याला नेमतं कोण, हा आजचा प्रश्न.

लिडोचं उदाहरण : अर्जापासून नेमणुकीपर्यंत

इथेरियम हे बिटकॉइननंतरचं सर्वांत मोठं क्रिप्टो जाळं. १५ सप्टेंबर २०२२ पासून ते 'स्टेकिंग' पद्धतीवर चालतं. म्हणजे ज्याला व्यवहार तपासायचे आहेत, त्यानं आधी किमान ३२ इथर जामीन म्हणून अडकवून ठेवायचे. काम नीट केलं तर मोबदला, लबाडी केली तर जामिनातून कापणी.

३२ इथर म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची रक्कम. म्हणून डिसेंबर २०२० मध्ये 'लिडो' सुरू झाली. लोकांनी आपले थोडे-थोडे इथर लिडोत ठेवायचे, लिडो ते एकत्र करून नोड ऑपरेटरांना वापरायला देणार. मिळालेल्या मोबदल्यातला १० टक्के हिस्सा लिडो घेते. सुरुवातीपासूनची ठरलेली वाटणी अशी, की त्यातला निम्मा ऑपरेटरांना आणि निम्मा संस्थेच्या तिजोरीत. लाखो इथर अशा रीतीनं दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर असतात. म्हणजे उचलीसारखाच मामला.

मग ऑपरेटर निवडला कसा जातो? लिडोत निवडक ऑपरेटरांसाठीची पद्धत साधारण अशी आहे. आधी अर्ज मागवतात. कंपनीनं आपला अनुभव, आधीची कामगिरी, सर्व्हर कुठल्या देशात आहेत, स्वतःचे आहेत की भाड्याचे, कुठलं सॉफ्टवेअर वापरता, हे सगळं लिहून द्यायचं. मग एक छाननी गट अर्ज तपासतो. या गटात जुन्या ऑपरेटरांचे प्रतिनिधी आणि संस्थेसाठी काम करणारे लोक असतात. गट शिफारशीची यादी करतो, ती टोकनवाल्यांपुढे मतदानाला जाते आणि मंजुरीनंतर चाचणी जाळ्यावर काम करून दाखवावं लागतं. नव्या ऑपरेटरला पहिल्याच दिवशी मोठी रक्कम देत नाहीत. मर्यादा हळूहळू वाढवतात.

यातला देश आणि सॉफ्टवेअरचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सगळ्यांचे सर्व्हर एकाच कंपनीच्या इमारतीत असतील आणि तिथं आग लागली, तर सगळेच एकदम बंद पडतील. एकाच ट्रॅक्टरवर पूर्ण गावाची टोळी बसवू नये, तसंच हे.

मोठ्या निर्णयाला लिडोत एकूण १०० कोटी टोकनांपैकी किमान ५ टक्के टोकनांचा पाठिंबा लागतो. पण ऑपरेटरची मर्यादा वाढवण्यासारखी रोजची कामं प्रत्येक वेळी मतदानाला नेली तर लोक कंटाळतात. म्हणून त्यांच्यासाठी सोपा रस्ता ठेवलाय. प्रस्ताव ७२ तास उघडा राहतो. तेवढ्या वेळात ०.५ टक्के टोकनवाल्यांनी हरकत घेतली तर तो पडतो, नाही घेतली तर पास.

आपल्याकडं ग्रामसभेत "कुणाची हरकत आहे का? नाही? मंजूर!" असं होतं. हे त्याच जातीचं आहे. जागरूक लोक असले तर कारभार वेगात होतो. सगळे झोपलेले असले तर काहीही पास होऊ शकतं.

चूक झाली तर भरतं कोण?

नेमणूक चांगली होती की नव्हती, हे चूक झाल्यावर कळतं. ११ ऑक्टोबर २०२३ रोजी 'लाँचनोड्स' या ऑपरेटरच्या २० व्हॅलिडेटरांच्या जामिनाला कात्री लागली. एकच सही करणारी किल्ली दोन ठिकाणी एकदम चालू राहिली आणि इथेरियमच्या नियमात तो गुन्हा धरला जातो, मग हेतू चोरीचा असो वा नसो. नुकसान कंपनीनं भरून दिलं. म्हणजे शब्द पाळला गेला.

दुसरी घटना १० मे २०२५ ची. लिडोच्या जमाखर्चाची माहिती प्रोग्रामला कळवण्यासाठी नऊ जणांची समिती आहे. नऊपैकी पाच जणांचा आकडा जुळला तरच तो धरला जातो. त्यातल्या 'कोरस वन' या कंपनीची एक किल्ली चोरट्यांच्या हाती लागली आणि त्या खात्यातले दीड इथरच्या आसपास पैसे गेले. लोकांच्या ठेवीला धक्का लागला नाही, कारण नऊपैकी एकाच्या किल्लीनं काही होत नव्हतं. लगेच तातडीचं मतदान घेऊन ती किल्ली बदलण्यात आली.

या दोन घटना आम्ही मुद्दाम सांगतोय. माणसं चुकणारच, किल्ल्या चोरीला जाणारच, हे धरूनच तिथली रचना केलेली होती. एकाच्या हातात सगळं दिलं नाही आणि चूक झाली तेव्हा नावानिशी जाहीर झाली. आपल्या संस्थांनी, मग ती पतसंस्था असो, शिक्षण संस्था असो की मशिदीची कमिटी, यातून घेण्यासारखं आहे. तिजोरीच्या दोन-तीन किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडं ठेवायची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होतीच. अमानत एकट्याच्या भरवशावर ठेवू नये, हे शहाणपण नवीन नाही.

पण मत कुणाचं?

आता दुसरी बाजू. सहकारी संस्थेत, शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये हेच तत्त्व आहे. म्हणून कारखान्याच्या निवडणुकीत मोठ्या बागायतदारालाही अर्ध्या एकरवाल्याच्या दारात यावं लागतं. डीएओत जितके टोकन तितकी मतं. लिडोच्या सुरुवातीच्या वाटपात सुमारे ६४ टक्के टोकन संस्थापक, गुंतवणूकदार, सुरुवातीचे डेव्हलपर आणि व्हॅलिडेटर वगैरेंकडं गेले आणि बाकीचे संस्थेच्या तिजोरीत. मग ऑपरेटरला मंजुरी देणारे कोण आणि मंजुरी घेणारे कोण, यातली रेघ पुसट होते. छाननी गटात जुने ऑपरेटर बसतात हे आपण वर पाहिलंच. जाणकार म्हणून त्यांचं असणं गरजेचं आहे, पण नव्या मुकादमाची परीक्षा जुने मुकादमच घेणार, हेही तितकंच खरं.

२०२२ मध्ये याची कसोटी लागली. इथेरियममधल्या एकूण अडकवलेल्या इथरपैकी जवळपास एक तृतीयांश तेव्हा लिडोमार्फत होते. एकाच संस्थेकडं इतकं वजन जाणं जाळ्यासाठी धोक्याचं आहे, लिडोनं स्वतःवर मर्यादा घालावी, असा प्रस्ताव आला. ९९ टक्क्यांहून जास्त मतं मर्यादेच्या विरोधात पडली. मतदान खुलं होतं, नियमानं होतं. पण संस्था वाढली तर टोकनवाल्यांचा फायदा होता आणि मत त्यांनाच होतं.

आणखी एक फरक बारकाईनं पाहा. लिडोत इथर ठेवणारा वेगळा आणि टोकनवाला वेगळा. ठेवीदाराचे पैसे आत आहेत, पण ठेव ठेवली म्हणून ऑपरेटर निवडताना त्याला मत मिळत नाही. हे वाचून आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला काहीतरी आठवेल. मागच्या दोन-तीन वर्षांत बीड जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. कुणाचे मुलीच्या लग्नाचे, कुणाचे हजला जायचे, कुणाची रिटायरमेंटची रक्कम. शाखेच्या दारात रांगा लागल्यावर कळलं, की कर्ज कुणाला दिलं हे ठरवताना आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं.

लिडोनं या दुखण्यावर २०२५ च्या मध्यात एक उपाय लागू केला. टोकनवाल्यांचा एखादा निर्णय ठेवीदारांना घातक वाटला तर ते आपली ठेव निषेध म्हणून बाजूला ठेवू शकतात. अशी ठेव एकूण ठेवीच्या १ टक्का झाली की निर्णयाची अंमलबजावणी लांबणीवर पडते. १० टक्के झाली तर निषेध करणाऱ्यांना आपले पैसे घेऊन बाहेर पडायला वाव मिळेपर्यंत निर्णय थांबतो. ठेवीदाराला अजून मत नाही, पण दार बंद व्हायच्या आधी बाहेर पडण्याचा हक्क मिळाला. आपल्या जिल्ह्यातल्या ठेवीदारांना एवढा हक्क असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

गडचिरोलीचे दाखले आणि आपण

"आम्ही क्रिप्टो घेतच नाही, मग आम्हाला काय त्याचं?" असं कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी गडचिरोलीचं उदाहरण.

२०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर करण्याचं काम हाती घेतलं गेलं. 'लेजिटडॉक' या कंपनीची यंत्रणा आणि 'पॉलिगॉन' हे जाळं त्यासाठी निवडलं. पॉलिगॉन मूळ आपल्याच देशातलं. जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन या तरुणांनी २०१७ मध्ये 'मॅटिक' नावानं ते सुरू केलं. कल्पना चांगली होती. दाखल्याचा डिजिटल ठसा जाळ्यावर राहतो आणि दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की खरा-खोटा कळतो. कुणी खाडाखोड केली तर ठसा जुळत नाही.

जातीच्या दाखल्याची किंमत आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा ओबीसी यादीतल्या मुस्लिम बिरादरींच्या पोरांना अ‍ॅडमिशनसाठी, नोकरीसाठी, निवडणुकीसाठी दाखला आणि पडताळणी लागते. जुन्या नोंदी शोधताना, शाळेचा निर्गम उतारा काढताना काय हाल होतात, ते घरोघरी माहीत आहे. उद्या असे दाखले बीडमध्येही ब्लॉकचेनवर आले तर आश्चर्य वाटायला नको.

मग प्रश्न पुन्हा तोच. एटापल्लीच्या दाखल्यांचा ठसा ज्या सर्व्हरवर राहतो, ते सर्व्हर कोण चालवतं? पॉलिगॉनचं हे जाळं सुमारे शंभर व्हॅलिडेटर चालवतात. जागा मोजक्या आहेत, त्यामुळं कुणीही उठून आत येऊ शकत नाही. आत असलेल्यांच्या कामावर नजर असते. इतरांच्या तुलनेत ज्याची कामगिरी ठरलेल्या पातळीखाली जाते, त्याला नोटीस मिळते, सुधारायला मुदत मिळते आणि तरीही सुधारणा नसेल तर जागा खाली करावी लागते. हे नियम उघड प्रस्तावातून ठरले. महत्त्वाच्या तांत्रिक बदलांसाठी २०२३ मध्ये १३ जणांची परिषद ठरवण्यात आली. नेहमीच्या बदलाला १३ पैकी ७ सह्या आणि १० दिवसांची वाट. आणीबाणीत वाट न बघता बदल करायचा तर १० सह्या.

यात शिस्त दिसते. पण एटापल्लीच्या माणसाला या सगळ्यात मत नाही. २०२२ च्या मार्चमध्ये एका अपग्रेडनंतर पॉलिगॉनचं जाळं अनेक तास बंद पडलं होतं. नोंदी पुसल्या गेल्या नाहीत, पण नवी नोंद होत नव्हती. उद्या अर्जाची शेवटची तारीख असताना असं झालं तर पोरानं जायचं कुणाकडं? तहसीलदार म्हणणार जाळं बंद आहे, आणि जाळ्याला तर ऑफिसच नाही. म्हणून सरकारनं अशी पद्धत आणताना नेमलेल्या कंपनीशी करार काय आहे, बंद पडलं तर पर्याय काय आणि जबाबदार अधिकारी कोण, हे लिहून द्यायला हवं. हे विचारणं म्हणजे नव्या तंत्राला विरोध नव्हे.

ज्यांनी विचारलं नाही त्यांचं काय झालं

मुंबईतून उभं राहिलेलं 'वझीरएक्स' हे क्रिप्टो खरेदी-विक्रीचं ठिकाण बऱ्याच मराठी पोरांना माहीत आहे. १८ जुलै २०२४ रोजी तिथून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं पुढं ही चोरी उत्तर कोरियाच्या हॅकर्सची असल्याचं सांगितलं. चोरी झालेल्या वॉलेटला एकापेक्षा जास्त सह्या लागत होत्या. सह्या वझीरएक्सच्या माणसांच्या आणि एक 'लिमिनल' या सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीची. चोरीनंतर दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. पैसे काढणं थांबलं आणि सामान्य ग्राहक महिनोन् महिने लटकून राहिला. लिमिनलला काम देताना ग्राहकांचं मत घेतलं गेलं नव्हतं.

वझीरएक्स ही डीएओ नाही, साधी कंपनी आहे. डीएओत निदान अर्ज, छाननी आणि मतदान उघड्यावर असतं, वाचायची तयारी असेल तर कुणीही वाचू शकतो. पण "उघडं आहे" आणि "आपण वाचलंय" यात फार अंतर आहे.

मग करायचं काय?

आपल्या गावात स्कीम घेऊन येणारा माणूस "डीएओ", "स्टेकिंग", "नोड" असे शब्द सुरात म्हणतो. नोड विकत घ्या, महिन्याला इतके टक्के नक्की मिळतील, आणखी चार जण जोडा म्हणतो. लक्षात ठेवा, खऱ्या स्टेकिंगमध्ये मोबदला कमी-जास्त होतो, कापणीही होते. खात्रीचा टक्का आणि माणसं जोडायची अट दिसली की तिथून उठा. भारतात क्रिप्टो चलन म्हणून चालत नाही, नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि पैसे बुडाले तर बँकेच्या ठेवीसारखं विमा संरक्षण नाही.

बाकी कुणी प्रामाणिकपणे एखाद्या अशा संस्थेची माहिती देत असेल तर त्याला मुकादमाला विचारतो तेच विचारा. सर्व्हर कोण चालवतं, नाव सांगा. त्यांना मंजुरी कुठल्या मतदानानं मिळाली? सगळ्यात जास्त मतं कुणाच्या हातात आहेत? काम बिघडलं तर काढतं कोण आणि किती दिवसांत? नुकसान झालं तर कुणाच्या जामिनातून भरतात? आणि शेवटचं, मला पटलं नाही तर माझे पैसे घेऊन मी बाहेर कसा पडणार?

सहा प्रश्न आहेत. उत्तरं मिळाली तर ती तपासता येतात, कारण खऱ्या डीएओत हे सगळं नोंदलेलं असतं. उत्तरं मिळाली नाहीत, किंवा "भाई, भरोसा ठेवा" असं उत्तर मिळालं, तर समजून जा.

उसतोडीला जाणारी आपली आया-बाया शाळेत गेलेली नसेल, पण उचल घेताना मुकादम कोण आहे हे विचारल्याशिवाय गाडीत बसत नाही. मोबाईल हातात असलेल्या पोरांनी निदान तेवढं तरी शिकावं. ही सहा प्रश्नांची यादी घरातल्या, गल्लीतल्या एखाद्या पोराला वाचून दाखवा. कुणाची मेहनतीची कमाई वाचली तर आमच्या लिहिण्याचं चीज झालं असं आम्ही समजू.